अखंड फळी, थरांची फळी

आमच्या घरी 'प्लाय' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. एखादा माणूस वरून चकचकीत आणि आतून बिनभरवशाचा निघाला, की बाबा एवढेच म्हणतात, "प्लायचो माणूस तो!" आणि विषय तिथेच संपतो. सावंतवाडीला आमचा सुतारकामाचा धंदा आहे. चितारआळीतल्या लाकडी फळांना आणि खेळण्यांना जे नाव आहे, ते आमच्या कामाला नाही. आम्ही आपली दारे, खिडक्या, देव्हारे, पाट, पलंग करणारी माणसे. पण कोणती फळी पावसात बाक घेईल आणि कोणती सरळ राहील, हे हाताने चाचपून सांगण्याची विद्या आमच्या घरात तीन पिढ्यांची आहे, आणि तिचा अभिमानही तितकाच जुना आहे.

माझ्या लहानपणी कारखान्यात तीन कामगार होते. मग गावात प्लायची कपाटे आली, सनमायकाची टेबले आली. महिन्याचे काम चार दिवसांत होऊ लागले. गिऱ्हाइकाला घाई असते आणि सागाचा भाव ऐकून त्याचा चेहरा उतरतो, यात गिऱ्हाइकाचा तरी काय दोष? एकेक करून कामगार गेले. आता बाबा आणि हाताखाली एक मुलगा, एवढाच संसार उरला आहे. बाबांनी प्लायचे काम कधी केलेच नाही असे नाही. पोटासाठी तेही करावे लागते. फरक एवढाच, की सागावर रंधा चालवताना ते शीळ घालतात. प्लाय कापताना घालत नाहीत.

अशा घरातल्या मुलीने गिटार घ्यायची म्हटले, तर 'गिटारच कशाला' हा प्रश्न पहिला येत नाही. 'कसल्या लाकडाची' हा येतो.

मी शिकायला कोल्हापूरला, वसतिगृहात राहते. तिथे एका मैत्रिणीच्या गिटारवर दोन वर्षे हात बसवला. पण दुसऱ्याच्या वाद्यावर रियाज करणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणे. कितीही प्रेमाने वाढले तरी घास अडतोच. शिकवण्या करून मी बारा हजार रुपये साठवले आणि बाबांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उरलेले पैशे मी घालतंय. पण प्लायची घेव नको."

दुकानदाराने माझ्यापुढे तीन गिटारी ठेवल्या. पहिली नऊ हजारांची. तिची तोंडाची फळी, पाठ आणि कडा, सारे थरांचे. दुसरी बावीस हजारांची. तोंडाची फळी अखंड लाकडाची, पाठ आणि कडा मात्र थरांच्या. तिसरी साठ हजारांच्या घरातली, सर्वांगाने अखंड. बाहेरून तिघी सख्ख्या बहिणी दिसत होत्या. खरे सांगायचे तर पहिलीच्या पाठीवरच्या शिसवीच्या रेषा तिसरीपेक्षाही देखण्या होत्या. कारण त्या रेषा कागदासारख्या पातळ पापुद्र्यावर होत्या आणि असा पापुद्रा निवडून घेता येतो. दुकानदार 'प्लाय' म्हणत नव्हता, 'लॅमिनेटेड' म्हणत होता. मराठीच्या सरांनी रागावू नये, पण परकीय शब्दाची ही एक मोठी सोय असते.

साठ हजारांचा प्रश्नच नव्हता. बाबांना मागितले असते, तर त्यांनी कुठून तरी उभे केले असते, हे मला ठाऊक होते; म्हणूनच मागायचे नव्हते. पण नऊ आणि बावीस यांच्यात काय फरक आहे, आणि साठात असे काय आहे जे बावीसात नाही, हे कळल्याशिवाय बाबांशी बोलणार तरी काय? मी वाचायला बसले.

नुसत्या तारेला आवाज असा जवळजवळ नसतोच. ती इतकी बारीक असते, की हवेला कापून जाते, ढकलत नाही. तिची थरथर घोडीवरून तोंडाच्या फळीत उतरते आणि मग ती रुंद फळी हवा हलवते. आपण ऐकतो ती फळी. आता या फळीवर दोन उलट्या जबाबदाऱ्या आहेत. पोलादी सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो; म्हणजे एक धडधाकट माणूस घोडीला दिवसरात्र लोंबकळत आहे असे समजा. हा ताण सोसायला फळी ताठ हवी. पण तारेच्या इवल्याशा थरथरीने हलायची, तर ती हलकीही हवी. अडीच-तीन मिलिमीटर जाडीत हे दोन्ही साधायचे असते. म्हणून थंड प्रदेशातले स्प्रूसचे लाकूड घेतात. ते वजनाला हलके असूनही रेषांच्या दिशेने विलक्षण ताठ असते. आतून पातळ पट्ट्यांचा आधार दिला, की फळी टिकतेही आणि बोलतेही.

प्लायमध्ये एक थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा असतो. प्लायची सारी ताकद या आडवेपणात आहे. पण तोंडाच्या फळीत नेमका तोच नडतो. लाकडाचा जो ताठपणा रेषांच्या दिशेने एकवटलेला होता, तो दोन दिशांना वाटला जातो. तो भरून काढायला फळी जाड करावी लागते, मधे सरसाचे थर येतात, वजन वाढते आणि तारेची थरथर त्यातच विरून जाते. नऊ हजारांच्या गिटारचा सूर खोटा नव्हता. पण तार छेडली की तो लगेच आटोपता घ्यायचा. बावीस हजारांचीचा सूर रेंगाळत होता. हे समजायला पुस्तक लागले नाही, कान पुरले.

मग पाठीचे काय? इथे मला स्पेनमधला एक जुना कारागीर भेटला: आल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस. आजच्या स्पॅनिश गिटारला तिचा आकार देणारा हा माणूस. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली. तिची तोंडाची फळी नेहमीसारखी स्प्रूसची, पण पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या! गिटारचा आवाज मुख्यतः तोंडाच्या फळीत असतो, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पुठ्ठ्याचे वाद्य करून एखादा मुद्दा सिद्ध करणारा कारागीर मला फार आवडला. आमच्या बाबांचे आणि त्याचे जमले असते.

पण स्पेनपर्यंत जायची गरज तरी काय? कोल्हापूरहून मिरज जवळच. तिथले तानपुरे साऱ्या हिंदुस्थानात जातात. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तानपुऱ्याचे पोट लाकडाचे नसतेच, भोपळ्याचे असते. लाकडाची असते ती तोंडावरची तबली, तिथे घोडी बसते. मिरजेच्या कारागिरांनी पोटाचे काम वेलीवर सोपवले आणि तोंडासाठी मात्र लाकूड पारखून घेतले. त्यांनी तोरेसचे नाव ऐकले असेल-नसेल. हाताला कळलेली गोष्ट एकच.

अलीकडे याची रीतसर परीक्षाही झाली. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी बनवून घेतल्या. साऱ्या एकाच घडणीच्या. पाठ आणि कडा मात्र सहा वेगवेगळ्या लाकडांच्या, अगदी दुर्मिळ ब्राझिली शिसवीपासून स्वस्त जातींपर्यंत. बावन्न वादकांना मंद उजेडात काळे चष्मे घालून त्या वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: वादकांनी सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच गुण दिले. ही परीक्षा लाकडाच्या जातींची होती, प्लायची नव्हे, हे खरे. पण आवाजात पाठीचा वाटा किती थोडा, हे त्यातून चांगलेच कळते. आणि थरांच्या पाठीचे म्हणाल, तर मारिओ माकाफेरीने १९३२ मध्ये पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी आखलेल्या गिटारींची पाठ थरांचीच होती, आणि जँगो राइनहार्टचे नाव त्या गिटारींशी कायमचे जोडले गेले आहे. ऑस्ट्रेलियातला ग्रेग स्मॉलमन तर पाठ आणि कडा मुद्दाम थरांच्या, जड आणि ताठ करतो. का, तर सारी हालचाल तोंडाच्या पातळ फळीतच व्हावी. जॉन विल्यम्ससारख्या थोर वादकाने त्याच्या गिटारी वाजवल्या.

हे सारे मला पटले होते. पण बाबांना जँगो राइनहार्ट सांगून काय उपयोग? त्यांना लाकूडच सांगायला हवे होते. आणि लाकडाचे मला जे कळते, ते त्यांनीच शिकवलेले.

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. घेतला की फुगते, सोडला की आकसते. तेही लांबीत जवळजवळ नाहीच; सारा बदल रुंदीत. आमच्याकडे जूनमध्ये दार चौकटीत घट्ट बसते आणि गिऱ्हाईक धावत येते, "जरा रंधा मारून द्या." बाबा कधीच मारत नाहीत. म्हणतात, "आता मारलंय तर जानेवारीत फटीतसून मांजर जायत. थोडे दिवस खांद्यान ढकला." कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, तो पावसाळाभर दारांना खांदा देतच असतो.

आणि गिटारला दाराचे स्वातंत्र्य नसते. अखंड लाकडाच्या गिटारला ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधली आर्द्रता मानवते, असे तिचे निर्माते सांगतात. आमच्या सावंतवाडीत जुलैमध्ये हवाच पाण्याची असते; ८० टक्क्यांच्या खाली उतरायचे नावच नाही. उलट वसतिगृहात माझी खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखालची. एप्रिलमध्ये तिथे पापड टांगून वाळवावेत. एकच वाद्य आंबोलीचा घाट उतरून खाली जाणार, चढून वर येणार. वर्षातून चार-पाच वेळा भिजणार आणि सुकणार. श्रीमंत वादक यासाठी खोलीची हवा सांभाळणारी यंत्रे ठेवतात. माझ्याकडे कपड्यांच्या कपाटातला एक कोपरा आहे, तोही दोघींत वाटलेला.

दिवाळीच्या आधी बाबा वखारीच्या कामाने कोल्हापूरला आले, तेव्हा मी त्यांना दुकानात घेऊन गेले. काही बोलायचे नाही, असे ठरवले होते.

त्यांनी तारांना हातच लावला नाही. आधी तोंडावरच्या गोल भोकाची कड पाहिली. अखंड फळी असेल, तर वरच्या रेषा त्या कडेतून तशाच खाली उतरलेल्या दिसतात. प्लाय असेल, तर कडेला थर दिसतात, पानांच्या गठ्ठ्यासारखे. नऊ हजारांची त्यांनी अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवली. दुसरीच्या कडेवर नख फिरवले आणि मान हलवली. मग मोबाईलचा दिवा भोकातून आत सोडून पाठ आतून पाहिली, गिटार उलटी करून बाहेरून पाहिली, पुन्हा आतून पाहिली. बाहेर शिसवीच्या रेषा, आत भलतेच काहीतरी फिकट. "पाठ प्लाय," ते म्हणाले. मी गप्प. तिसरीच्या पाठीवर आत जिथे काळी शीर होती, तिथेच ती बाहेरही होती. बोटाच्या पेराने त्यांनी ती पाठ दोनदा वाजवली, आणि एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे तिच्याकडे पाहिले. किमतीची चिठ्ठी त्यांनी वाचली. मीही त्यांना ती वाचताना पाहिले. आम्ही दोघेही त्याबद्दल बोललो नाही.

मग त्यांनी दुकानदाराला विचारले, "ही पाठ चारी बाजूंनी चिकटवलेली?"

"हो. आतून आडव्या पट्ट्यापण चिकटवलेल्या असतात."

बाबा माझ्याकडे वळले. पॅनेलचा दरवाजा करताना मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवून ठेवतात. तिला खिळा नाही, सरस नाही. ती खाचेतल्या खाचेत फुगते, आकसते, आणि म्हणून शंभर वर्षे टिकते. हे मी लहानपणापासून पाहिले आहे. "हयसर तिका हलाक जागाच नाय गो," ते म्हणाले. "फुगली तर जायत खय? सुकली की फुटतली." थोडा वेळ त्यांनी दुसऱ्या गिटारच्या पाठीवर तळवा ठेवला. "पाठीक प्लाय चलात. तोंडाक नको."

बाबांच्या तोंडून प्लायच्या बाजूने निघालेले माझ्या ऐकण्यातले हे पहिले वाक्य. मी इतके दिवस जे वाचले, जमवले, त्यातले एक अक्षरही मला बोलावे लागले नाही. तोरेसने पुठ्ठ्याची गिटार करून जे सांगितले, ते त्यांना दरवाज्याने सांगितले होते. बावीस हजारांची गिटार घेतली. बारा माझे, दहा त्यांचे.

एस. टी. स्टँडवर त्यांना पोचवायला गेले. मला राहवेना. विचारले, "बाबा, प्लायची घ्यायला वाईट नाही ना वाटलं?" ते म्हणाले, "माका प्लायचो राग नाय. प्लायक साग म्हणून विकतत, तेचो राग."

त्या एका वाक्याने मला आमच्या घरातली जुनी शिवी नव्याने समजली. 'प्लायचो माणूस' म्हणजे कमी प्रतीचा माणूस नव्हे. एक सांगून दुसरेच निघणारा माणूस. थर असण्यात काही पाप नाही. आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, फुटू देत नाहीत, आणि जिथे टिकायचेच काम आहे तिथे ते अखंड फळीपेक्षा सरस ठरतात. मात्र जिथे बोलायचे काम आहे, तिथे ते मागे पडतात. कुठल्या लाकडाला कुठले काम द्यायचे, एवढाच प्रश्न असतो. लबाडी लाकडात नसते, सांगण्यात असते. ज्या वस्तूने आपली तीन माणसे कामावरून घालवली, तिच्याबद्दलही न्यायाने बोलता येणे सोपे नाही. मी मराठी घेऊन बी. ए. करते आहे, 'तटस्थता' या शब्दावर आम्ही एक अख्खा तास चर्चा केली होती. तिचा अर्थ मला त्या दुकानात कळला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्या शिसवीसाठी तिसऱ्या गिटारला साठ हजार पडत होते, ती आपल्याच सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या रानातली. पूर्वी परदेशी कारखाने ब्राझीलची शिसव वापरीत. ती मिळेनाशी झाल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपली हिंदी शिसव घेतली, आणि मग जगभर तिचाच वापर वाढला. ब्राझिली शिसवीच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली. २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्याच जातींच्या व्यापारावर निर्बंध आले; २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून बरीच मोकळीक मिळाली. शिसवीचे झाड वाढायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या लागतात. एका अखंड पाठीला जेवढी शिसव लागते, तेवढ्यात पापुद्रे काढले तर कितीतरी पाठी झाकल्या जातात. आमच्या कारखान्याच्या माळ्यावर आजोबांनी ठेवलेली शिसवीची एक फळी आहे. बाबा ती कापत नाहीत. "तोलामोलाचा काम येवंदे," म्हणतात. ती फळी आठवली, की पापुद्र्याच्या पाठीची मला लाज वाटत नाही. फक्त तिला कुणी अखंड म्हणू नये, एवढेच.

आमच्या कॉलेजात गिटार घेऊ पाहणारे बरेच जण आहेत. दरवर्षी स्नेहसंमेलनात त्यांची संख्या वाढताना दिसते. त्यांनी माझे ऐकावे असे नाही, पण आमच्या बाबांचे ऐकावे. आधी भोकाची कड पाहा. आत दिवा टाकून पाठ दोन्ही बाजूंनी पाहा. ते वाद्य कुठल्या हवेत राहणार, हे स्वतःला विचारा. पैसे बेताचे असतील, तर ते तोंडाच्या फळीत घाला. फारच बेताचे असतील, तर सर्वांगाने थरांची घ्यायलाही लाजू नका. ती भिंतीवरून पडली तरी हसत उठेल, आणि हात बसेपर्यंत सूर रेंगाळला काय अन् न रेंगाळला काय! सर्वांगाने अखंड वाद्य घ्यायची ऐपत असेल, तर ते सांभाळायचीही तयारी असू द्या. ते वाद्य पाळलेल्या जनावरासारखे असते. त्याचे खाणेपिणे आणि ऊनपाऊस आपल्यालाच पाहावे लागते.

माझ्या गिटारचा पहिला पावसाळा आता सरला. जुलैमध्ये मी ती घरी नेली होती. तिला बाहेरच्या भिंतीपासून लांब, पेटीत ठेवले आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या सोबत ठेवल्या. तरी तोंडाची फळी किंचित फुगली, घोडी वर आली आणि तारा बोटांना उंच लागू लागल्या. पाठीला काही झाले नाही. मी घाबरून गिटार कारखान्यात बाबांपुढे नेली. त्यांनी फळीवर आडवी पट्टी ठेवली, एक डोळा मिटून खालून उजेड पाहिला आणि पुन्हा सागाच्या फळीकडे वळले.

"फुगांदे," ते म्हणाले. "लाकूड आसा ता."